खिडकीपाशी बसलेलं गाव

स्वित्झर्लंडमध्ये न्यूशातेलहून ला शो-द-फोंला जाणारी गाडी शांब्रेलियां नावाच्या एका चिमुकल्या स्टेशनात थांबते आणि उलटी निघते. मोटरमन शांतपणे खाली उतरतो, पिशवी खांद्याला लावून प्लॅटफॉर्मवरून चालत दुसऱ्या टोकाला जातो आणि तिथल्या केबिनमध्ये चढतो. डबा तोच, जागा तीच, पण आता आपण पाठमोरे डोंगर चढत असतो. चढ अवघड, रूळ वळवायला जागा नाही, म्हणून दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी काढलेली ही तोड. बोरघाटात खंडाळ्याजवळ असंच रिव्हर्सिंग स्टेशन होतं, १९२९ पर्यंत. अण्णा लहानपणी त्यातून गेले होते आणि ती गोष्ट त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितली होती की शांब्रेलियांला गाडी थांबली तेव्हा मला हसूच आलं.

अण्णांचं घड्याळ माझ्या मनगटावर होतं. खरं तर त्यासाठीच मी तिकडे निघाले होते.

मुलगी न्यूशातेलला संशोधन करते. दोन महिने तिच्याकडे राहायला गेले तेव्हा तिने युंगफ्राऊ, टिटलिस, लुत्सर्न अशी यादी तयार ठेवली होती. मी म्हटलं, मला ला शो-द-फोंला जायचंय. "आई, तिथे काही नाहीये गं बघायला." हे तिचं स्वतःचं मत नव्हतं, न्यूशातेलमध्ये ऐकलेलं होतं. या परगण्यात वरचे आणि खालचे असा जुना वाद आहे. खालचे म्हणजे तळ्याकाठचे, द्राक्षमळ्यांचे, पिवळ्या दगडी वाड्यांचे. वरचे म्हणजे डोंगरावरचे, बर्फातले, कारखान्यातले. खालच्यांना वरचे रांगडे वाटतात, वरच्यांना खालचे शिष्ट. घाटावरचे आणि कोकणातले एकमेकांबद्दल जे बोलतात, त्यातलं निम्मं इथे जसंच्या तसं खपेल.

घड्याळाबद्दल आधी सांगते. १९६२ साली अण्णांच्या लग्नात त्यांच्या सासऱ्यांनी ते दिलं. त्या काळी जावयाला स्वीस घड्याळ म्हणजे मुलीच्या बापाची ऐपत आणि अब्रू दोन्ही. आयातीवर निर्बंध, त्यामुळे खरं घड्याळ दुकानातून आलं की 'बंदरावरून', हे कोणी विचारायचं नाही. आमच्या घरी त्याचं नाव 'फेवरल्यूबा', एका दमात, एकच शब्द. फाव्र आणि ल्यूबा ही दोन आडनावं आहेत, एक नवऱ्याकडचं आणि एक बायकोकडचं, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. फाव्र घराण्याची पाळंमुळं ल लोक्लमधली, १७३७ पासूनची. ल लोक्ल म्हणजे ला शो-द-फोंच्या शेजारचं गाव, गाडीने दहा मिनिटं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ही मंडळी मुंबईशी व्यापार करत होती. पलीकडच्या खोऱ्यातल्या सँतिमिए गावचं 'वेस्ट एंड' घड्याळ तर तबकडीवर 'बॉम्बे-कलकत्ता' असं छापूनच यायचं. त्यांच्या एका मॉडेलचं नाव होतं 'सोवार'. म्हणजे आपला घोडेस्वार! जुराच्या डोंगरातल्या कुणा बाईने, जिने आयुष्यात हिंदुस्थान पाहिला नाही, ती अक्षरं भिंगाखाली तबकडीवर उमटवली असणार.

ला शो-द-फों सुंदर नाही. हे लिहायला मला बरं वाटतं, कारण स्वित्झर्लंडबद्दल असं वाक्य लिहायची संधी फारशी मिळत नाही. समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर, रुंद, सरळ, एकमेकांना समांतर रस्ते आणि त्यांच्या कडेला पाच-पाच मजली एकसारख्या इमारती. चाळीच म्हणा, फक्त दगडी आणि उताराच्या छपराच्या. मुख्य रस्ता लेओपोल्द-रोबेर, त्याला गावकरी 'पॉड' म्हणतात आणि गावाला 'ला त्शो'. पहिला अर्धा तास मी नुसती चालले आणि मनात म्हटलं, पोरीचं खरं होतं.

मग लक्षात आलं की इथे सावलीच नाही. दुपारचे अकरा वाजले होते आणि तळमजल्यांपर्यंत उजेड पोहोचला होता. एक इमारत दुसरीच्या अंगावर येत नव्हती. प्रत्येक रांगेच्या दक्षिणेला बागेची पट्टी, मग रस्ता, मग पुढची रांग.

१७९४ च्या मे महिन्यात इथे मोठी आग लागली आणि गावाचा बराचसा भाग बेचिराख झाला. नवं गाव कसं वसवायचं याचा पहिला आराखडा एका खोदकाम करणाऱ्या कारागिराने केला, मोईझ पेरे-जांतीने. १८३५ च्या सुमारास शार्ल-आंरी ज्युनो या अभियंत्याने तो वाढवला. बर्फ लोटायला रुंद रस्ते हवेत, आग पसरू नये म्हणून अंतर हवं, ही कारणं होतीच. पण मोठं कारण टेबल. इथल्या प्रत्येक घरात, बहुधा वरच्या मजल्यावर, खिडकीला लावून एक टेबल असायचं आणि त्यावर वाकून कोणीतरी दात असलेलं एवढंसं चाक घासत असायचं. त्या टेबलावर ऊन यावं म्हणून आखलेलं हे गाव. २००९ साली युनेस्कोने ला शो-द-फों आणि ल लोक्लला जागतिक वारसा म्हटलं ते याच कारणासाठी.

इथे घड्याळं का, हा प्रश्न मला पहिल्यापासून छळत होता. नदी नाही. खाली चुनखडीचा दगड, पडेल ते पाणी झिरपून जातं. टाक्यांवर आणि विहिरींवर जगलेलं गाव. खालच्या दरीतल्या आर्युझ नदीचं पाणी जवळजवळ पाचशे मीटर उचलून इथे आणलं ते थेट १८८७ साली, आणि त्या आनंदात गावाने मोठ्ठं कारंजं बांधलं. ते अजून मुख्य रस्त्याच्या टोकाला उडतंय. जमीन भिकार, गवत आणि गुरं एवढंच. हिवाळा पाच-सहा महिन्यांचा. जवळच्या ला ब्रेव्हिन खोऱ्यात १९८७ साली उणे ४१.८ अंश तापमान नोंदलं गेलं. इतकी थंडी, इतका बर्फ आणि हाताला काम नाही. मग बायका लेस विणायच्या आणि पुरुष लोहारकाम, कुलपं, लाकडी घड्याळं असं काहीबाही करायचे. पिकाविना हात रिकामे राहतात तेव्हाच माणसं कसब शिकतात, हे दुष्काळी भागातल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

दंतकथा अशी, की १६७९ च्या आसपास एक घोड्यांचा व्यापारी इंग्रजी बनावटीचं बिघडलेलं खिशातलं घड्याळ घेऊन इकडून चालला होता. दानिएल जांरिशार नावाच्या पोराने ते उघडलं, दुरुस्त केलं आणि मग तसलंच स्वतः बनवलं. ल लोक्लमध्ये त्याचा पुतळा आहे, हातात घड्याळ घेतलेला. इतिहासकार या कथेकडे भुवया उंचावून बघतात. मला ती आवडते, कारण तिच्यात शोध लावणारा कोणी महात्मा नाही. सगळं दुरुस्तीतून सुरू होतं.

जिनिव्हात घड्याळजींचे कडक नियमांचे संघ होते. कोणी शिकायचं, किती शिष्य ठेवायचे, सगळं ठरलेलं. डोंगरात असं कोणी अडवणारं नव्हतं. काम तुकड्यातुकड्यांत वाटलं गेलं. एक शेतकरी फक्त चाकं कापणार, दुसरा फक्त काटे, तिसऱ्याच्या घरी स्प्रिंगा, चौथ्याकडे तबकडीवर मीनाकारी. व्यापारी आठवड्याला फिरून सुटे भाग गोळा करणार आणि शेवटी एकजण ते जुळवणार. विडीकाम जसं घराघरांतून फिरतं, तसंच. कार्ल मार्क्सने १८६७ साली 'भांडवल'च्या पहिल्या खंडात श्रमविभागणी समजावताना घड्याळाचंच उदाहरण घेतलं आणि घड्याळाच्या कारागिरांची लांबलचक यादी देऊन ला शो-द-फों हे सबंध गाव म्हणजे एकच घड्याळ-कारखाना असल्याचं म्हटलं.

मार्क्सपेक्षा मला इथली दुसरी गोष्ट जास्त आवडली. माणसं घरी, आपल्या खिडकीत, आपल्या वेळेने काम करायची. हात गुंतलेले, कान आणि तोंड मोकळं. कोणीतरी वर्तमानपत्र वाचून दाखवायचं, बाकीचे वाद घालायचे. १८४८ साली न्यूशातेलचा प्रदेश प्रशियाच्या राजाच्या सत्तेखाली होता, ती सत्ता उलथायला बर्फातून खाली चालत गेले ते हे वरचे लोक, ल लोक्ल आणि ला शो-द-फोंचे. पुढे १८७२ च्या सप्टेंबरात सँतिमिएला अराज्यवाद्यांची परिषद भरली, रशियन क्रांतिकारक बाकुनिन तिथे होता. त्याच वर्षी रशियातला एक सरदारपुत्र, क्रोपोत्किन, या घड्याळजींमध्ये काही दिवस राहिला आणि अराज्यवादी होऊन परतला. पुस्तकांनी नव्हे, तर या लोकांच्या स्वतंत्र बोलण्यावागण्याने आपलं मत पक्कं झालं, असं त्याने पुढे आठवणींत लिहिलं. सगळ्या जगाला वक्तशीरपणा विकणाऱ्या गावात 'आमच्यावर कोणी मालक नको' म्हणणारे लोक राहावेत, यातली गंमत मला दिवसभर पुरली.

खालच्या न्यूशातेलचा पैसा वेगळा. तो आपल्याकडच्या छिटाच्या कापडाची नक्कल करून आला. अठराव्या शतकात तळ्याकाठी सुती कापड छापायचे कारखाने होते आणि त्या मालाचं नावच 'अँदिएन', म्हणजे हिंदुस्थानी. हे कापड आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या बदल्यात दिलं जायचं. तिथल्या चौकात ज्या दाव्हिद द प्युरीचा पुतळा आहे त्याच्या संपत्तीतही गुलामांच्या व्यापाराचा वाटा होता, आणि २०२० साली कोणीतरी त्या पुतळ्यावर लाल रंग ओतला. असो. हा विषय वेगळ्या लेखाचा.

घड्याळांचं आंतरराष्ट्रीय संग्रहालय जमिनीत अर्धं पुरल्यासारखं आहे, काँक्रीटचं, १९७४ सालचं. मी तीन तास होते, मुलगी पाऊण तासानंतर बाकावर जाऊन बसली. तिथे मला सगळ्यात लक्षात राहिली ती एक काचेची गोल बाटली, पाण्याने भरलेली. अंधार पडला की दिव्यापुढे ही ठेवायची, म्हणजे उजेड एकवटून नेमका कामावर पडतो. लेस विणणाऱ्या बायकांकडेही हीच असायची. आमच्या गावी कंदिलाच्या काचेमागे चकचकीत ताटली उभी करून माझी आत्या मोती ओवायची, ते आठवलं.

नंतर 'पॉड'वरच्या एका टी-रूममध्ये शेजारच्या टेबलावर ऐंशीच्या घरातल्या एक आजी होत्या. माझ्या मनगटाकडे बघून त्या काहीतरी म्हणाल्या. मुलीने भाषांतर केलं, "विचारतायत, चावीचं आहे का?" मी घड्याळ काढून दिलं. त्यांनी आधी ते कानाला लावलं. डोळ्यांनी नाही, कानांनीच त्यांनी ते पाहिलं.

त्या 'रेग्लूझ' होत्या, म्हणजे हेअरस्प्रिंग जुळवणाऱ्या. घड्याळातली केसाएवढी ती स्प्रिंग आणि बॅलन्सचं चाक यांचं लग्न लावायचं, की चाक तासाला बरोबर अठरा हजार हेलकावे घेतं, सेकंदाला पाच. हे काम पिढ्यान् पिढ्या बायकांचंच, मजुरी पुरुषांपेक्षा कमी. लग्नाआधी त्या कारखान्यात जायच्या, मुलं झाल्यावर घरी. टेबल स्वयंपाकघराच्या खिडकीला. "शेगडीवर सूप, पायाशी पोर, आणि चिमट्यात स्प्रिंग," त्या म्हणाल्या. "शिंक आली की संपलं." हिवाळ्यात चारला उजेड जायचा. दिव्याखाली केलेलं काम त्या सकाळी पुन्हा तपासायच्या, कारण दिवा खोटं बोलतो.

काटे रात्री चमकतात का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लहानपणी चमकायचे. अण्णा झोपले की मी त्यांच्या उशाशी ठेवलेलं घड्याळ पांघरुणात घेऊन जायची आणि तो हिरवा प्रकाश बघत राहायची. आजींनी मान हलवली. त्यांची मोठी बहीण तोच रंग लावायची, घरीच. रेडियम. या भागात १९६३ पर्यंत ते चाललं. २०१५ नंतर सरकारने जुन्या यादीवरून हजाराच्या आसपास इमारती तपासायला घेतल्या. कुणाच्या फरशीखाली, कुणाच्या बागेत अजून ते सापडतं. चमक काही वर्षांत विझते, रेडियम निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात. बहिणीचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही, आणि त्याही बोलल्या नाहीत.

सत्तरच्या दशकात हे सगळं कोसळलं. डिसेंबर १९६९ मध्ये जपानच्या सेकोने पहिलं क्वार्ट्झ, म्हणजे चावीऐवजी बॅटरी आणि स्फटिकावर चालणारं, मनगटी घड्याळ विक्रीला आणलं. चीड आणणारी गोष्ट म्हणजे क्वार्ट्झचे नमुने न्यूशातेलच्याच प्रयोगशाळेत १९६७ साली तयार होते. डोंगर उतरून जायला अर्धा तास, पण मनातलं अंतर फार. आणि आपण भारतीयांनी त्याआधीच हवा ओळखली होती म्हणायची: एचएमटीने १९६१ साली बंगळुरात कारखाना काढला तो जपानच्या सिटिझनशी करार करून. १९७० च्या सुमारास स्वीस घड्याळधंद्यात नव्वद हजार माणसं होती. पंधरा वर्षांत तीस-बत्तीस हजार उरली. ला शो-द-फोंची बेचाळीस हजारांची वस्ती सहा-सात हजारांनी घटली. आजी म्हणाल्या, संध्याकाळी रस्त्यावरून चालताना कुठल्या खिडकीत दिवा नाही ते कळायचं, आणि मग लोकांनी वर बघणं सोडून दिलं.

पण त्या खिडक्यांमागे त्याआधीही अंधार होता, फक्त दुसऱ्या प्रकारचा. बांधकामाला, रस्त्यांना, कारखान्यांना इटली आणि स्पेनहून माणसं आणली जायची. हंगामी परवाना नऊ महिन्यांचा, बायकामुलं आणायला बंदी. काहींनी तरी आणली. मुलं दिवसभर बंद खोलीत, आवाज करायचा नाही, खिडकीपाशी जायचं नाही. फ्रेंचमध्ये त्यांना 'कपाटातली मुलं' म्हणतात आणि ला शो-द-फोंमध्ये त्यांच्या आठवणी आता उघडपणे सांगितल्या जातात. उजेड आत यावा म्हणून आखलेल्या गावात पोरांना उजेडापासून लपवायचं. मंदी आली तेव्हा परवाने संपलेले हे लोक गुपचूप परत पाठवले गेले. हंगामी परवाना कायद्यातून गेला तो २००२ साली. याच न्यूशातेल परगण्याने १८४९ सालीच परदेशी रहिवाशांना गावपातळीवर मत द्यायचा हक्क दिला होता, हेही खरं. दोन्ही खरं आहे आणि मला ते एकमेकांत बसवता येत नाही.

पुढची कथा सगळ्यांना माहीत आहे. १९८३ साली प्लास्टिकचं, एक्कावन्न भागांचं स्वॉच आलं, धंदा सावरला. मग यंत्राची घड्याळं दागिना म्हणून परतली, लाखोंच्या किमतीने. आज ला शो-द-फोंच्या बाहेरच्या रस्त्याला बड्या नावांचे काचेचे कारखाने आहेत आणि रोज सकाळी फ्रान्सच्या बाजूने हजारो कामगार सरहद्द ओलांडून येतात, कारण पगार इथे जास्त आणि घरभाडं तिथे कमी. आपल्या 'फेवरल्यूबा'ची गोष्टही फिरून आपल्याकडे आली: २०११ मध्ये टाटांच्या टायटनने ते नाव विकत घेतलं, पुढे तेही विकून टाकलं.

मी मात्र ल लोक्लला एका माळ्याखाली जाऊन उभी राहिले. झेनिथ कंपनीच्या इमारती. १९६९ साली तिथे 'एल प्रिमेरो' नावाचं यंत्र तयार झालं, तासाला छत्तीस हजार हेलकाव्यांचं, सेकंदाचा दहावा भाग मोजणारं. दोन वर्षांत कंपनी एका अमेरिकन रेडिओ कंपनीकडे गेली आणि १९७५ मध्ये हुकूम आला: यंत्राची घड्याळं बंद, साचे आणि हत्यारं भंगारात घाला. शार्ल व्हेर्मो नावाचा कारागीर होता. त्याने विनंतीची पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. मग त्याने संध्याकाळी काम संपल्यावर हत्यारं, साचे, आराखडे वरच्या माळ्यावर नेले. जड प्रेस, कॅम, सगळं. प्रत्येकावर चिठ्ठी लावली आणि कुठला भाग कुठल्या क्रमाने कसा बनतो ते वहीत लिहून ठेवलं. माळा बंद. ऐंशीच्या दशकात दुसऱ्या कंपन्यांकडून मागणी आली तेव्हा तो माळा उघडला, आणि १९८८ साली रोलेक्सने आपल्या 'डेटोना' या घड्याळात हेच यंत्र फेरफार करून घातलं.

चोरीच होती ती. वरिष्ठांची आज्ञा मोडून कंपनीचा माल लपवला. मी बँकेत छत्तीस वर्षं नोकरी केली. जुनी लेजर्स रद्दीत काढायचे हुकूम आले तसे मी सह्या करून काढली. मला माळा सुचला नाही.

पुण्यात परतल्यावर घड्याळ दिवसाला दहा मिनिटं मागे पडायला लागलं. आमचे घड्याळजीकाका जिन्याखालच्या तीन फुटी दुकानात बसतात, अण्णांपासूनचे. वरच्या वाड्याच्या जागी आता आठ मजली इमारत उठलीय, तिची सावली दुपारनंतर त्यांच्या काउंटरवर येते, म्हणून त्यांनी टेबल ओढून अर्धं फुटपाथवर काढलंय. महापालिकेची गाडी दिसली की आत घ्यायचं, गेली की बाहेर. त्यांनी मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं, घड्याळ तिरकं करून बघितलं आणि काउंटरवर ठेवून दिलं.

"ऑइलिंग लागेल ताई. हेअरस्प्रिंगलाही जरा बघायला लागेल. पण आता नको. उजेड उतरलाय. सकाळी दहाला या, माझ्यासमोर उघडतो."